आरव्ही भाड्याने देताय? अमेरिकेतल्या कराचा हिशेब पहिल्या दिवसापासून असा ठेवा

दारात उभी असलेली आरव्ही, म्हणजे चाकांवरचं राहण्याजोगं घर, वर्षातले दहा महिने नुसती उन्हात तापते, विम्याचा आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो. मग ती आउटडोर्सी किंवा आरव्हीशेअर अशा भाड्याच्या साइटवर टाकून भाड्याने द्यायचं ठरतं. बुकिंग भरपूर मिळतात, पैसेही येतात, आणि एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना गोंधळ सुरू होतो. हे भाडं घराचं धरायचं की गाडीचं?

याचं एकच उत्तर नाही, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. वजावटीचा प्रश्न आला की केंद्राचा आयकर कायदा आरव्हीला 'घर' मानतो. फॉर्म कोणता भरायचा हे ठरवताना तो तिला जंगम वस्तू मानतो. राज्य सरकार कधी तिला भाड्याचं वाहन समजतं, तर कधी मुक्कामाची खोली. एकाच गाडीला तीन नियम लागतात आणि तिन्ही पाळावे लागतात.

यातलं बरंचसं पैशांवर नाही, दिवसांवर ठरतं. दिवस वर्ष संपल्यावर दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून पहिलं बुकिंग घेण्याआधी हे वाचा.

१. तुमची गाडी कायद्याने 'घर' आहे का ते बघा

आयकर कायद्याच्या कलम २८०ए मध्ये राहण्याच्या जागेची व्याख्या आहे. घर, अपार्टमेंट, मोबाइल होम, बोट आणि 'तत्सम मालमत्ता' त्यात येतात. कसोटी साधी आहे: झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि शौचालय. मिनी-मोटरहोमसुद्धा या व्याख्येत बसतं, असा निकाल टॅक्स कोर्टाने १९८० मध्येच दिला आहे. त्यामुळे 'चाकं आहेत, म्हणजे ती गाडीच' हा युक्तिवाद चालत नाही.

क्लास ए, क्लास सी, बहुतेक क्लास बी (हे स्वतः चालणाऱ्या मोटरहोमचे प्रकार), फिफ्थ व्हील (पिकअपला जोडून ओढायचा मोठा ट्रेलर) आणि बाथरूम असलेले ट्रॅव्हल ट्रेलर सरळ यात येतात. नुसती गादी टाकलेली व्हॅन किंवा छोटा टिअरड्रॉप ट्रेलर असेल, तर आधी सीपीएशी (परवानाधारक हिशेबतज्ज्ञाशी) बोला, कारण तिथे घराचा नियम लागू होईलच असं नाही. पुढचं सगळं या तिन्ही सोयी असलेल्या गाडीसाठी आहे.

२. दिवसांची नोंद: सगळं इथेच ठरतं

वर्षातल्या प्रत्येक दिवसाला चारपैकी एक नाव द्या: भाड्याचा, वैयक्तिक, दुरुस्तीचा, रिकामा.

*भाड्याचा दिवस* म्हणजे बाजारभावाने प्रत्यक्ष भाड्याने गेलेला दिवस. गाडी साइटवर उपलब्ध होती पण कोणी घेतली नाही, तो दिवस रिकामा. तो कुठल्याच बाजूला धरायचा नाही. इथे चूक फार होते. 'वर्षभर भाड्यासाठीच ठेवली होती' म्हणून लोक ३०० दिवस भाड्याचे लिहून मोकळे होतात.

*वैयक्तिक दिवस* कायद्यात बराच पसरट आहे. दिवसाचा काही भाग वापरला, तरी पूर्ण दिवस धरला जातो. तुम्ही स्वतः वापरलेले दिवस तर आलेच. शिवाय हेही येतात:

- नवरा किंवा बायको, भाऊ-बहीण, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं यांनी वापरलेले दिवस. त्यांनी पूर्ण भाडं दिलं तरीही. भारतातून आलेल्या आई-बाबांना यलोस्टोन दाखवायला पाठवलंत, तर ते आठही दिवस वैयक्तिक. गाडी दोघांच्या नावावर असेल, तर सासू-सासऱ्यांचे दिवसही तसेच.
- मामा, मावशी, चुलत-मावस भावंडं कायद्याच्या 'कुटुंबात' नाहीत. पण त्यांना बाजारभावापेक्षा स्वस्तात दिलीत, की तोही दिवस वैयक्तिक. 'फक्त गॅसचे पैसे दे' म्हणून मित्राला दिलेला वीकेंडसुद्धा.
- अदलाबदल. मित्राची केबिन तुम्ही वापरली आणि त्याला तुमची आरव्ही दिली, तर त्याचे दिवस तुमच्या वैयक्तिक खात्यात जमा.
- दान. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमातल्या लिलावात 'आरव्हीचा एक आठवडा' देणगी म्हणून ठेवला, तर लिलाव जिंकणाऱ्याने वापरलेला तो आठवडा तुमचा वैयक्तिक ठरतो. आयआरएसने (केंद्राच्या करखात्याने) १९८९ च्या निर्णयात हे स्पष्ट केलं आहे. त्यावर देणगीची वजावटही मिळत नाही, कारण तुम्ही वस्तू दिलेली नाही, फक्त वापरू दिली आहे. मंडळाला मदत करायची असेल, तर गाडी बाजारभावाने भाड्याने द्या आणि आलेल्या पैशांतून चेक द्या.

*दुरुस्तीचा दिवस* वैयक्तिक धरला जात नाही, पण त्या दिवशी मुख्य काम दुरुस्तीचंच असायला हवं. छताचं सीलंट काढून नवीन लावणं, वॉटर हीटरचा अॅनोड रॉड बदलणं, हिवाळ्याआधी पाइपमधलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरणं, अशी कामं चालतात. घरचे बरोबर होते आणि त्यांनी हातभार लावला नाही, तरी हरकत नाही. तळ्याकाठी तीन दिवस मुक्काम आणि त्यात तासभर बॅटरी तपासली, ही मात्र दुरुस्ती नव्हे. सामानाच्या पावत्या आणि तारखेसह फोटो ठेवा.

आता मर्यादा. वैयक्तिक दिवस १४ पेक्षा जास्त किंवा भाड्याच्या दिवसांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त (दोन्हींत जो आकडा मोठा, तो) झाले, की गाडी त्या वर्षापुरती तुमचं 'निवासस्थान' ठरते. मग भाड्याचा खर्च भाड्याच्या उत्पन्नाइतकाच वजा होतो, तोटा दाखवता येत नाही. बरोबर १४ दिवस चालतात, पंधरावा चालत नाही. भाड्याचे दिवस १४० पेक्षा जास्त असतील तरच १० टक्क्यांची बाजू मोठी ठरते.

आकडे घेऊन बघू. वर्षात ८४ दिवस भाड्याचे, सरासरी १८० डॉलरप्रमाणे उत्पन्न १५,१२० डॉलर. वैयक्तिक १८ दिवस. कर्जाचं व्याज आणि मालमत्ता कर मिळून ५,१०० डॉलर, विमा-देखभाल-पार्किंग ९,८६० डॉलर, घसारा (गाडीच्या उतरत्या किमतीची वजावट) १०,२०० डॉलर.

वापराचे एकूण दिवस १०२, त्यात भाड्याचा वाटा १०२ पैकी ८४. व्याज-कराचे ४,२०० डॉलर आधी वजा. मग चालू खर्चाचे ८,१२०. राहिले २,८००. घसाऱ्याचा भाड्याचा वाटा ८,४०० डॉलर येतो, पण त्यातले फक्त २,८०० यंदा घेता येतात. उरलेले ५,६०० पुढच्या वर्षावर ढकलले जातात. वजावटीचा क्रम हाच: व्याज आणि कर, मग चालू खर्च, शेवटी घसारा.

आता याच वर्षात वैयक्तिक दिवस १८ ऐवजी १४ असते तर? वाटा ९८ पैकी ८४ झाला असता, खर्च साधारण २१,५६६ डॉलर, आणि तोटा सुमारे ६,४४६ डॉलर. तो घेता येतो की नाही, हे पुढच्या पायऱ्यांवर ठरतं. पण जास्तीच्या एका लाँग वीकेंडने तो दरवाजाच बंद केला. म्हणून ऑक्टोबरमध्ये एकदा दिवस मोजा आणि मगच थँक्सगिव्हिंगचा बेत ठरवा.

साइटचं कमिशन, जाहिरातीचे फोटो, भाडेकरूनंतरची साफसफाई असे निव्वळ भाड्याशी जोडलेले खर्च वाटून घ्यायचे नाहीत, पूर्ण धरायचे.

या नियमाची एक चांगली बाजूही आहे. वैयक्तिक वापर १४ दिवसांपेक्षा जास्त आणि भाडं वर्षभरात १४ दिवस किंवा त्याहून कमी असेल, तर ते भाडं केंद्राच्या आयकरात उत्पन्न म्हणून धरतच नाहीत. कॉलेज फुटबॉलचे दोन-तीन वीकेंड गाडी देणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं. त्या भाड्यावर खर्च वजा करता येत नाही, आणि राज्याचा विक्रीकर मात्र माफ होत नाही.

३. फॉर्म निवडा: शेड्यूल ई नव्हे

घराचं भाडं विवरणपत्राच्या शेड्यूल ई या पुरवणीवर जातं म्हणून कराच्या सॉफ्टवेअरमध्ये आरव्हीसुद्धा तिथेच टाकली जाते. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. शेड्यूल ई चा तो भाग स्थावर मालमत्तेचा आहे आणि आरव्ही स्थावर नाही. कलम २८०ए ने तिला राहण्याची जागा म्हटल्यामुळे ती जमिनीला चिकटत नाही.

- नियमितपणे, नफ्यासाठी, स्वतः लक्ष घालून भाड्याने देत असाल, तर तो व्यवसाय. शेड्यूल सी भरा. निव्वळ नफा ४०० डॉलर किंवा जास्त असेल, तर शेड्यूल एसई आणि १५.३ टक्के स्वयंरोजगार कर (सोशल सिक्युरिटी पेन्शन आणि मेडिकेअर आरोग्यविमा यांसाठीचा). घरभाड्याला या करातून जी सूट आहे, ती इथे नाही. नोकरीचा पगार सोशल सिक्युरिटीच्या मर्यादेच्या (२०२५ साठी १,७६,१०० डॉलर) वर असेल, तर या नफ्यावर मुख्यतः मेडिकेअरचाच भाग उरतो.
- नफ्यासाठीच देता, पण अधूनमधून, व्यवसाय म्हणावा इतकं नाही, तर उत्पन्न शेड्यूल १ च्या ओळ ८एल वर आणि खर्च ओळ २४बी वर. इथे स्वयंरोजगार कर नाही. पण वर्षाला पंधरा-वीस बुकिंग, साइटवर जाहिरात, दर वेळी हँडओव्हर, असं सगळं असताना ही ओळ निवडू नका. ते टिकत नाही.

घरभाड्यात उत्पन्न फार मोठं नसलेल्यांना २५,००० डॉलरपर्यंतचा तोटा पगारातून वजा करण्याची सवलत असते. तीही फक्त स्थावर मालमत्तेसाठी आहे. आरव्हीला ती नाही.

४. सात दिवसांची सरासरी काढा

भाड्याचे एकूण दिवस भागिले बुकिंगची संख्या. वरच्या उदाहरणात १६ बुकिंग असतील, तर ८४ भागिले १६ म्हणजे ५.२५ दिवस. सरासरी ७ किंवा कमी असेल, तर कलम ४६९ च्या (निष्क्रिय उद्योगाचा तोटा अडवणाऱ्या कलमाच्या) दृष्टीने हा 'भाड्याचा उद्योग' राहत नाही, हॉटेलसारखा साधा व्यवसाय होतो. मग तुमचा प्रत्यक्ष सहभाग पुरेसा असेल, तर तोटा पगारासमोर वजा होऊ शकतो. सरासरी ७ च्या वर गेली, की सहसा तोटा अडकतो आणि फॉर्म ८५८२ वर पुढे सरकत राहतो.

पुरेसा सहभाग सिद्ध करण्याच्या दोन सोप्या कसोट्या: वर्षात ५०० तासांपेक्षा जास्त काम, किंवा १०० तासांपेक्षा जास्त आणि दुसऱ्या कोणाही एका व्यक्तीपेक्षा कमी नाही. दुसऱ्या कसोटीत लोक घसरतात. टाक्या रिकाम्या करणं, चादरी धुणं, प्रोपेन भरणं यासाठी एकच माणूस ठेवला असेल आणि त्याचे १४० तास झाले असतील, तर तुमचे १२० तास कामाला येत नाहीत. गाडी पूर्णपणे डीलरच्या लॉटवर सोपवली असेल, तर सहभाग दाखवणं जवळपास अशक्यच.

तासांची नोंद त्याच दिवशी करा. 'शनि. १४ जून, हँडओव्हर, स्लाइडआउट आणि जनरेटर दाखवला, १ तास ४० मि.' एवढी एक ओळ पुरे. एप्रिलमध्ये आठवून लिहिलेल्या वहीला किंमत नसते.

५. एच-१बी वर असाल तर इथे थांबा

एच-१बी या कामाच्या व्हिसावर फक्त याचिका करणाऱ्या कंपनीचं काम करता येतं. निष्क्रिय गुंतवणूक चालते, स्वतः राबून चालवलेला धंदा चालत नाही. आता वरची पायरी पुन्हा वाचा. करात तोटा मिळावा म्हणून तुम्ही सहीनिशी सांगणार की मी या धंद्यात शंभराहून अधिक तास काम केलं. तोच कागद इमिग्रेशनमध्ये तुमच्या विरुद्ध पुरावा ठरू शकतो. सीपीए हे सांगेलच असं नाही, कारण ते त्याचं क्षेत्र नाही. गाडी साइटवर टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. जोडीदाराकडे ग्रीन कार्ड किंवा कामाचा स्वतंत्र परवाना असेल, तर मालकी, साइटचं खातं आणि प्रत्यक्ष काम खरोखर त्याच्याकडे ठेवणं हा एक मार्ग असतो. 'खरोखर' या शब्दावर जोर आहे.

६. घसारा: मोठी वजावट, मोठा सापळा

आरव्ही साधारणपणे घसाऱ्याच्या ५ वर्षांच्या वर्गात धरली जाते, आणि हिशेब फॉर्म ४५६२ वर जातो. जुलै २०२५ च्या कायद्याने १०० टक्के बोनस घसारा (पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करणं) परत आणला आहे, १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी. त्या तारखेआधी बांधील करार केला असेल, तर ताबा नंतर मिळाला तरी करार आधीचाच धरतात.

खाचाखोचा अशा:

- आधी घरच्या वापरासाठी घेतली आणि पुढच्या वर्षी भाड्याला लावली, तर बाकीच्या अटी पाळल्यास बोनस भाड्याला लावलेल्या वर्षी मिळू शकतो. घसाऱ्याचा पाया मात्र खरेदीची किंमत किंवा भाड्याला लावतानाचा बाजारभाव, यांतला कमी तो. आरव्हीची किंमत झपाट्याने उतरते, त्यामुळे हा फरक मोठा पडतो. भाड्याला लावलेल्या आठवड्यातच तशाच गाड्यांच्या विक्रीच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- मोटरहोमचा धंद्यातला वापर ५० टक्क्यांच्या वर हवा. पुढे कधी खाली आला, तर जास्तीचा घेतलेला घसारा उत्पन्नात परत येतो.
- कॅलिफोर्निया बोनस घसारा मानत नाही. तिथे राहणाऱ्यांना राज्याचा घसारा वेगळा मांडावा लागतो.

७. राज्य आणि शहर: चावी देता की मुक्काम?

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा. पाहुणा गाडी चालवत नेतो, की तुम्ही ती एका जागी उभी करून रात्रीच्या दराने देता?

चालवायला दिली, तर बहुतेक ठिकाणी वाहनभाड्याचा कर लागतो. टेक्ससमध्ये ३० दिवसांपर्यंतच्या वाहनभाड्यावर १० टक्के आणि त्याहून लांब भाड्यावर ६.२५ टक्के असतो. गाडी परसात उभी करून एअरबीएनबीवर टाकली, तर तो थेट मुक्कामाचा मामला. तिथे हॉटेलासारखा कर, आणि शहराचा अल्पकालीन भाड्याचा परवाना. टेक्ससचा राज्याचा हॉटेल कर ६ टक्के आहे, त्यावर शहराचा वेगळा. तिसरा प्रकार फसवा: ट्रेलर तुम्ही स्वतः ओढत कॅम्पग्राउंडवर नेऊन पाणी-वीज जोडून देता. तो वाहन की खोली, याचं उत्तर राज्यागणिक बदलतं. राज्याच्या महसूल खात्याला ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.

२०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या वेफेअर निकालानंतर बऱ्याच राज्यांनी साइटवरच कर गोळा करण्याची जबाबदारी टाकली. म्हणून साइटवरच्या बुकिंगचा कर बहुधा कापला जातो. पण 'बहुधा' वर राहू नका. पेआउटच्या तपशिलात तो कुठल्या नावाने कापला ते बघा. वाहनाचा कर कापला आणि लागू मुक्कामाचा असेल, तर फरक तुमच्या माथी. ओळखीतून, व्हॉट्सअॅपवरून, झेलने (बँकेतून थेट) पैसे घेऊन दिलेल्या भाड्याचा कर पूर्णपणे तुम्हीच भरायचा. त्यासाठी राज्याचा विक्रीकर परवाना आधी काढावा लागतो.

विक्रीकर वाचवायला मोंटानात एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून तिथे गाडी नोंदवायचा सल्ला कोणीतरी देईलच. गाडी तुमच्या राज्यात ठेवता आणि वापरता, तर तुमचं राज्य त्यावर वापर-कर मागू शकतं, दंड आणि व्याजासह. 'पुनर्विक्रीसाठी' असं प्रमाणपत्र देऊन करमुक्त घेतलेली गाडी स्वतः सुट्टीला नेली, तरी तोच प्रश्न उभा राहतो.

८. कागदपत्रं

एक फोल्डर करा आणि पहिल्या दिवसापासून भरा:

- खरेदीचं बिल, टायटल, कर्जाचा करार, वर्षभरातल्या व्याजाचं विवरण
- चार रंगांचं दिवसांचं कॅलेंडर आणि कामाच्या तासांची नोंद
- प्रत्येक हँडओव्हरला आणि परतीला ओडोमीटर व जनरेटरच्या तासांच्या मीटरचे फोटो
- साइटवरून उतरवलेला प्रत्येक बुकिंगचा तपशील. वर्ष संपताच उतरवा
- विमा, पार्किंग, टायर, प्रोपेन, दुरुस्तीच्या पावत्या
- राज्याचा परवाना आणि भरलेल्या कराच्या पोचपावत्या

१०९९-के फॉर्म (साइटमार्फत मिळालेल्या पैशांचं विवरण) आला, तर त्यावरचा आकडा ढोबळ असतो. साइटचं कमिशन आणि परत केलेले पैसेही त्यात असू शकतात. तो आकडा आणि बँकेत आलेली रक्कम यांचा मेळ घालणारा एक कागद बनवा. हा फॉर्म पाठवण्याची केंद्राची मर्यादा आता पुन्हा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार अशी आहे. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत ती ६०० डॉलरच आहे. फॉर्म आला नाही तरी उत्पन्न दाखवावंच लागतं. जादा मैलांचे, जनरेटरचे, साफसफाईचे, टाकी न रिकामी केल्याचे पैसे, सगळं उत्पन्न. डिपॉझिट परत करायचं असेतोवर उत्पन्न नाही, त्यातलं जे ठेवून घेतलं ते उत्पन्न.

९. वर्षभरातल्या तारखा, आणि गाडी विकताना

नफा होत असेल, तर अंदाजे कर १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला भरा. नोकरी असेल, तर त्यापेक्षा सोपं म्हणजे कंपनीत नवीन डब्ल्यू-४ देऊन पगारातून जास्त कर कापून घेणं.

विकताना बहुतेकांना धक्का बसतो. ६८,००० डॉलरची गाडी बोनस घसाऱ्यात पूर्ण वजा केली आणि तीन वर्षांनी ४१,००० ला विकली, तर पुस्तकात तिची किंमत शून्य असते. ते सगळे ४१,००० डॉलर साध्या उत्पन्नाच्या दराने करपात्र होतात, फॉर्म ४७९७ वर. इमारतीच्या घसाऱ्यावर असते तशी २५ टक्क्यांची कमाल मर्यादा इथे नाही. विकून दुसरी आरव्ही घेतली तरी कर पुढे ढकलता येत नाही, कारण २०१८ पासून कलम १०३१ ची (कर पुढे ढकलणारी) अदलाबदल फक्त स्थावर मालमत्तेला उरली आहे. म्हणून विक्रीचं वर्ष निवडा. जोडीदाराची नोकरी सुटली आहे, बिनपगारी रजा घेतली आहे, किंवा परत भारतात जायचं आहे आणि पगार अर्ध्या वर्षाचाच असेल, अशा वर्षी विकलेली गाडी कराच्या दृष्टीने बरीच स्वस्तात सुटते.